डाव्या बाहीवर

आमच्या धाकट्याचा स्काऊटचा शर्ट इस्त्रीला घेतला की माझी नजर आधी बाह्यांवर जाते. करड्या कापडावर सुईची बारीक भोकं आहेत. डाव्या बाहीवरची भोकं रास्त आहेत. तिथं एकामागून एक सोपानाचे, म्हणजे स्काऊटमधल्या पायऱ्यांचे, बिल्ले लागले आणि निघाले. उजव्या बाहीवरची माझ्या घाईची. अंबाजोगाईत वीस वर्षं शिलाईकाम करते मी, आणि लेकराला मिळालेला पहिल्याच सोपानाचा बिल्ला चुकीच्या बाहीवर शिवून बसले. तोही मशीनवर, दुहेरी टीप मारून.

शाळेला जाताना त्यानं शर्ट अंगात घातला आणि आरशासमोर थांबला. "मम्मी, हे तर उजवीकडं लागलंय. सोपान डावीकडं असतंय. उजवीकडं कुक, सायकलिस्ट असले प्रावीण्य बॅज असतेत."

"कुणाला कळतंय?" म्हणलं मी.

"मला कळतंय की."

ब्लेड घेऊन उसवत बसले. टेरिकॉटला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर असं झालं असतं तर कापडाचे पैसे भरून द्यावे लागले असते. इथं नुसती आठवण राहिली.

आमच्या घरात स्काऊट आधी थोरल्यानं आणलं होतं, आणि त्याचं हुकलं. तो आठवीत गेला तेव्हा शाळेत कुणीतरी सांगितलं की राज्य पुरस्कार मिळाला की दहावीला वाढीव गुण मिळतात. झालं, आम्ही नाव घातलं, गणवेश शिवला. तेव्हा कुणी हिशोब मांडून दाखवला नाही. तो पुढं धाकट्याच्या सरांनी पाटीवर लिहून दाखवला: 'प्रवेश' या पहिल्या पायरीला ३ महिने, प्रथम सोपानाला ६, द्वितीयला ९, तृतीयला ९, आणि त्यानंतर राज्य पुरस्काराची तयारी आणखी ९. बेरीज करा. ३६ महिने. आठवीच्या जूनमध्ये सुरू केलेलं पोरगं कितीही पळालं तरी दहावीचा पेपर आधी येतो आणि राज्य पुरस्कार मागून.

थोरल्याच्या शाळेचं नाव काढत नाही. नववीच्या दिवाळीनंतर तिथून निरोप आला, "काळजी करू नका, तारखा मागच्या टाकून घेऊ, सगळेच टाकतात." माझी तयारी होती, खोटं कशाला सांगू. एवढ्या तेवढ्या मार्कांवर पोरांची अकरावीच्या प्रवेशाची गाडी चुकते हे आजूबाजूला बघितलेलं. पण हे एसटीत कंडक्टर आहेत. वेबिलावर एक आकडा इकडचा तिकडं झाला तर माणसाला काय काय भोगावं लागतं ते त्यांनी डेपोत बघितलंय. ते एवढंच म्हणाले, "ज्या दिवशी तपासतील त्या दिवशी पोराला उभं करतील, आपल्याला नाही." थोरल्याचं ते तिथंच थांबलं. गणवेश दोन वर्षं ट्रंकेत पडून होता. धाकटा पाचवीत गेला, दहा वर्षांचा झाला, आणि स्वतःच म्हणाला, "दादाचा शर्ट मला होईल का?" झाला नाही. खांद्यात दोन इंच मोठा होता. मी आत दाबून दिला.

त्याची शाळा वेगळी, आणि सर खरंच स्काऊटचे. आठवड्याला एकदा पथकाची सभा, झेंडा, प्रार्थना, मग संघाप्रमाणं खेळ. सहा-आठ पोरांचा एक संघ, त्याचा एक संघनायक. प्रवेशासाठी तसं पाठांतरच जास्त: वचन, नऊ नियम, सलामी, डाव्या हाताचं हस्तांदोलन, झेंड्याची माहिती, थोडा इतिहास. मी मशीनवर बसायची आणि तो समोर उभा राहून म्हणायचा. मशीनच्या आवाजात अर्धं ऐकू यायचं नाही, पण पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. बेडन पॉवेलचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७. पहिलं शिबिर १९०७, ब्राउनसी बेटावर, पोरं वीस. भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना ७ नोव्हेंबर १९५०. आजही झोपेतून उठवून विचारा. गिऱ्हाइकाचं माप विसरेन, ब्राउनसी विसरणार नाही.

नऊ नियमांतला पहिला आहे विश्वासाचा. स्काऊट विश्वासपात्र असतो. तो नियम त्याच्याकडून मी निदान शंभर वेळा म्हणून घेतला असेल. पुढं तो माझ्यावरच उलटला, ते सांगतेच.

रोज एक सत्कृत्य करायचं आणि वहीत लिहायचं, असं एक काम असतं. त्याची पहिली वही अजून ठेवलीय मी. पहिल्या पानावर: "आज मम्मीला सुईत दोरा ओवून दिला." दुसऱ्या दिवशी: "आज मम्मीला सुईत दोरा ओवून दिला." सलग सतरा दिवस तेच. चाळिशी लागल्यावर माझी नजर जवळची कमी झाली होती हे खरं, पण सतरा दिवस? सरांनी खाली लाल शाईत लिहिलं, "घराबाहेर पण पहा." अठराव्या दिवशी लिहिलंय: "नळ आला. शेजारच्या आज्जीची घागर भरून दिली." आमच्या भागात नळाला आठवड्यानं पाणी येतं. नळ आला की पोरं खेळ टाकून घरी पळतात, बायका हंडे मांडतात, त्या गर्दीत दुसऱ्याची घागर पुढं सरकवणं सोपं नसतं. त्या दिवशी आमचा एक ड्रम अर्धा राहिला. मी ओरडले होते, हेही आठवतंय. वहीत त्यानं ते लिहिलेलं नाही.

गाठींचं मात्र मला मनापासून आवडलं. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, शीपशँक, फिशरमन. घरभर दोऱ्या. मशीनच्या पायाला क्लोव्ह हिच, दाराच्या कडीला बोलाइन. एकदा ब्लाऊजचं माप घ्यायला टेप उचलली तर टेपेची शीपशँक झालेली, बाई समोर हात वर करून उभी. रीफ नॉट त्याला आठ दिवस जमेना. दरवेळी उलटी पडून निरगाठ व्हायची. आपण बायका रोज कितीतरी गाठी मारतो, पण त्यांना नाव आहे, काम ठरलेलं आहे, हे मला त्याच्यामुळं कळलं. शीट बेंड म्हणजे विणकरांची गाठ, मागावर तुटलेला धागा जोडतात ती. आणि क्लोव्ह हिच बघून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "ही तर खुट्ट्याला दावं बांधत्यात तसलीच हाय की."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. केज तालुक्यातल्या आमच्या गावाकडं असतात, पावसाळ्यात इकडं येतात. द्वितीय सोपानाची चूल त्यांच्यामुळं पेटली.

उघड्यावर, दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता विस्तव पेटवायचा आणि दोघांपुरतं रांधायचं, असं होतं. आमच्या घरात गॅस. लेकरानं जन्मात चूल फुंकलेली नाही. श्रावणातली दुपार, मागच्या अंगणात तीन दगड मांडून हा बसला. कागद, वर लाकडं, काडी ओढली, कागद जळला, विझला. पुन्हा कागद. अर्धी पेटी संपली, डोळे लाल, शर्टाला काजळी. मी दोनदा उठले मदतीला आणि दोन्ही वेळा त्यानं हातानं थांबवलं.

आत्याबाई बाजेवर बसून बघत होत्या.

"काय करायलास रं?"

"आज्जी, दोनच काड्यांत पेटवायचं असतंय."

"दोन कशाला लागत्यात?"

मग त्या खाली उतरल्या. आधी सगळं मोडून टाकलं. तुराट्यांची मोळी भिंतीला लावून ठेवलेली होती, त्यातली एकेक काढून बोटांवर वाकवली. कट्ट आवाज आला ती एका बाजूला; वाकली, मोडली नाही ती दुसऱ्या बाजूला. "वली हाय ही. धूर करती नुस्ता." पऱ्हाटीची साल सोलून तळहातावर चोळली, चुरा केला. गोवरीचा आतला कोरडा कुटका घेतला. वारा कुठून येतोय ते पदर सोडून बघितलं आणि त्या बाजूला पाठ करून बसायला लावलं. चुरा खाली, वर तुराट्यांचे बोटभर तुकडे, पण रचताना मध्ये पोकळी ठेवून. लेकरू घाईनं वर लाकडं टाकायला लागलं तर हात धरला. "जाळाला बी दम घिऊ दे की."

पहिली काडी वाऱ्यानं गेली. दुसरी त्यानं ओंजळीत धरली, आत्याबाईंनी पदराचा आडोसा केला, आणि चुऱ्याच्या पोटात लाल ठिपका धरला. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी काडीपेटी वाया घालवली तर मार बसायचा; शेजारणीकडून गोवरीवर इस्तू मागून आणायचा आणि घरची चूल पेटवायची. मला आजवर हे कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. मी कधी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशीचं पिठलं गाठींचं झालं. रीफ नॉट म्हणून थोरल्यानं चिडवलं. खाल्लं सगळ्यांनी. पुढं चाचणीच्या दिवशी मैदानावर बाभळीची ओलसर लाकडं दिली होती म्हणे, बाकीची पोरं रडकुंडीला आली. ह्यानं पऱ्हाटीचा चुरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोज्यात खोचून नेला होता.

आता ते लॉगबुकचं, म्हणजे पायी सहलीच्या वहीचं.

तृतीय सोपानाच्या चाचणीला जिल्ह्याचं शिबिर असतं. तिथं पोरांची कामं बघतात, वह्या बघतात, तोंडी विचारतात. सातवीचं वर्ष, घटक चाचणी, आणि शिबिर पंधरा दिवसांवर आलं तेव्हा ह्याची हाईकची वही कोरी. हाईक झालेली होती, दोन महिन्यांमागं, मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत पायी. लिहिलेलं काहीच नव्हतं. बाकीच्या आयांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आम्हीच लिहून टाकलं बाई. पोरांचं अक्षर कोण बघतंय?" मग मीही दोन रात्री बसले. माझं अक्षर बरं आहे. स्केचपेननं समास आखले, कोपऱ्यात वेलबुट्टी काढली, पिंपळाचं पान दाबून चिकटवलं. मुकुंदराजाला मी कितीदा तरी गेलेय, आद्यकवींचं स्थान, बालाघाटाच्या डोंगरातली ती दरी मला पाठ. रस्त्याचा नकाशा काढला, उत्तर दिशेचा बाण दाखवला आणि खाली छान लिहिलं: "पक्ष्यांचा किलबिलाट ऐकत आम्ही निसर्गाच्या सान्निध्यात मार्गक्रमण करू लागलो." लेकरू झोपेला आलेलं होतं. बघितलं आणि म्हणालं, "एवढं भारी?" ते कौतुक असेल असं मी धरून चालले.

शिबिरात परीक्षकांनी वही उघडली. चांगलं म्हणाले. मग विचारलं, "किलबिलाट कोणत्या पक्ष्यांचा होता?"

"माहीत नाही सर. ते मम्मीनं लिहिलंय."

हे मला त्यानं परत आल्यावर बसस्टँडवर सांगितलं, बॅग खांद्यावरून न उतरवता. आजूबाजूला लोक होते. माझे कान गरम झाले. पहिला विचार आला तो असा की एवढं बोलायची काय गरज होती, कोणताही पक्षी सांगायचा, चिमणी सांगायची. तोंडातून शब्द बाहेर पडला नाही एवढंच माझं नशीब. त्याच्या संघातल्या आणखी दोघांच्या वह्या आयांनीच लिहिलेल्या होत्या. त्यांनी पोपट सांगितले, ते सुटले.

"मग काय म्हणाले सर?"

"म्हणाले, मग तुला काय दिसलं ते सांग. मी सांगितलं. मग म्हणाले, हे लिहून आण. रात्री तंबूत बसून लिहिलं."

ती पानं मी घरी येऊन वाचली. तीनच पानं, अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यागत. त्यात किलबिलाट कुठंच नाही. एका मित्राच्या बुटाचा तळ अर्ध्या वाटेत सुटला. तो दोरीनं पायाला बांधला, पण चालताना गाठ सरकायला लागली, मग संघनायकानं क्लोव्ह हिच काढून टाकायला सांगितली आणि रीफ नॉट मारली, "कारण बांधायला रीफ असते." पुढं गेलेल्या संघानं दगड मांडून बाणाच्या खुणा केल्या होत्या, त्यातली एक शेळ्यांनी विस्कटली, म्हणून हे चौघे चुकीच्या वाटेनं खाली उतरले. आणि एक वाक्य आहे: "पाणी संपत आले. बाटलीतून चौघांना एकेक झाकण आले." दोन महिने हे लेकरू माझ्यासमोर जेवत होतं, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपली वेलबुट्टी काढत बसले होते.

तृतीय सोपान मिळाला. सरांना मी जाऊन सांगितलं की वही मी लिहिली होती. ते म्हणाले, "ताई, मला माहीत होतं. मी मुद्दामच पाठवली." जरा राग आला त्यांचा. अजूनही थोडा आहे. मला आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग तो तंबूत बसून लिहीत बसला नसता, हेही खरं.

त्यानंतर मी स्वतःपुरतं ठरवलं की कापड माझं, शिलाई माझी, डबा माझा, वही त्याची. फक्त तारखांचा एक कागद भिंतीला चिकटवला. कोणता सोपान कधी झाला, पुढच्याला कधी पात्र होतो, प्रावीण्य बॅज कोणते राहिले, कोणाची सही राहिली. हे काम मात्र आईबापांनी करावं, कारण कागद शाळेतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जातात आणि वाटेत एखादा गळतोच. आमचं एक प्रमाणपत्र असंच कुठंतरी राहिलं, त्यापायी ह्यांनी सुट्टीच्या दिवशी दोन खेपा केल्या. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ठेवायची सवय तेव्हा लागली. शिबिरंही हवं तेव्हा नसतात. हिशोबानं आमचं आठवीतच जमायला हवं होतं, झालं नववीत.

राज्य पुरस्काराच्या चाचणीला राज्य संस्थेकडून परीक्षक असतात. आईबापांना आत जायचं काम नाही, फोन नाही. बांबूला दोरीचे वेढे देऊन तंबूबाहेर चपलांचा स्टँड, ताटांची मांडणी असलं सगळं पोरांनीच उभं करायचं. पहाटे उठून व्यायाम, दिवसभर प्रथमोपचार, नकाशा, होकायंत्र, रात्री शेकोटी. त्याला सगळ्यात अवघड काय गेलं म्हणून विचारलं, तर झाडाची उंची काठीनं मोजणं. "सोपं आहे, पण सावली पडत नव्हती," एवढंच सांगितलं आणि चौदा तास झोपला. मला आणखी ऐकायचं होतं. विचारलं नाही.

मग वाट बघणं. महिने गेले. कधी सर म्हणायचे यादी वर गेली, कधी म्हणायचे सही बाकी आहे. ह्या पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असते, त्यामुळं उशीर झाला तरी कुणाला बोलायची सोय नाही. एक दिवस शाळेतून आला तो बॅग न उघडता पाणी प्यायला गेला, तेव्हाच मला कळलं. प्रमाणपत्र ह्यांनी दोन्ही हातांत धरून, चष्मा वर करून बघितलं. तिकिटावरचा नंबर बघतात तसं. थोरल्यानं फोटो काढून स्टेटसला लावला, "आमचे राज्यपाल" असं लिहून.

संध्याकाळी मी मशीनवर बसले आणि शर्टासाठी हात पुढं केला.

"राहू दे," म्हणाला. "मी लावतो."

सुईत दोरा त्यानं ओवला, पहिल्या फटक्यात. आत्याबाईंच्या बाजेवर बसून, डाव्या बाहीवर जुन्या भोकांच्या वरच बिल्ला धरून, हातटिप घालत गेला. टाके एक लांब, एक आखूड. बिल्ला डावीकडं अर्धा सूत तिरका. माझ्या दुकानात असा बिल्ला लावून कुणी दिला असता तर मी परत पाठवला असता. शेवटी मागच्या बाजूला दोरा ओढून त्यानं एकावर एक तीन निरगाठी मारल्या.

"एवढ्या कशाला रे? राष्ट्रपती पुरस्काराचा आला तर उसवावा लागेल की."

दातानं दोरा तोडत म्हणाला, "तवाचं तवा बघू."